अजून शिकतीय

२०२३ च्या अखेरीस आरक्षणासाठी कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि हवेली तालुक्यातल्या घरोघरच्या पत्र्याच्या ट्रंका माळ्यावरून खाली आल्या. आमच्या वारज्याच्या घरातल्याही आल्या. न्यायमूर्ती शिंदे समिती, जनरल रजिस्टरचा उतारा, मोडीतली नोंद असले शब्द घरातल्या कॉलेजच्या पोरांच्या तोंडी, आणि आम्हा साठीच्या अलीकडच्या-पलीकडच्या चुलत-सख्ख्या भावंडांच्या मांडीवर शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा ढीग. बसलो होतो जातीचा रकाना बघायला. वाचत बसलो भलताच रकाना : ‘शाळा सोडण्याचे कारण’.

थोरल्या काकांच्या उताऱ्यावर ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, ‘फायनल पास’. आत्याच्या दुसरीच्या उताऱ्यावर ‘पालकाच्या इच्छेवरून’. आत्या ऐंशीची आहे, कान शाबूत आहेत. तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं तर म्हणाली, “पालकाच्या व्हय? मंग माझी इच्छा कुठं लिवलीया त्ये बघ की.” आमच्या पिढीत कारणं जरा सुधारली. दादाच्या दाखल्यावर ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’, आक्काच्या ‘पुढील शिक्षणासाठी’, आणि भाऊच्या, सहावीच्या, ‘घरगुती अडचण’. ही अडचण कोणती यावर बराच हशा झाला, कारण ती आम्हा सगळ्यांना चांगली आठवत होती. काळी होती, कपाळावर चांदवा होता, नुकतीच व्याली होती आणि भाऊशिवाय दुसऱ्या कुणाला धार काढू देत नव्हती.

जन्मतारखा मात्र जवळपास सगळ्यांच्या सारख्या. १ जून. आईबाप म्हणायचे पोरगं पेरणीत झालं किंवा दिवाळीच्या तोंडावर झालं, गुरुजी मान डोलवायचे आणि शाळा भरायच्या हिशेबानं १ जून लिहायचे. मी पुढे शिक्षिका झाले तेव्हा कळलं की महाराष्ट्रातले निम्मे मास्तर ३१ मे रोजी एकदम निवृत्त का होतात. माझंही तेच झालं. सांगायचं एवढ्यासाठी की चौदा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची, अठराच्या आत लग्न नको, असं कायदा म्हणतो तेव्हा तो जे वय धरून बोलतो, ते आमच्या घरात गुरुजींनी टाकानं ठरवलेलं होतं.

तेव्हाचं वारजं म्हणजे मुठेच्या काठचं गाव. हिंगण्याच्या पुढं, शिवण्याच्या अलीकडं. पुणे शहर कोथरूडलाच संपायचं, आमच्याकडे ग्रामपंचायत. महापालिकेत आम्ही १९९७ ला गेलो. त्याआधी कॅनॉलचं पाणी, नदीकडेला मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि गोठ्यात म्हशी. पहाटे सायकलला किटल्या अडकवून घरातली पोरं एरंडवण्यात, डेक्कनला रतीब घालायला जायची आणि मागं येऊन शाळेत बसायची. बसायची म्हणजे पेंगायची. शाळा लोकल बोर्डाची होती ती १९६२ नंतर जिल्हा परिषदेची झाली. आठवीपासून पुढं शिकायचं तर शहराच्या दिशेनं चालत. मुलगा असला तर सायकल. मुलगी असली तर बरोबर कुणीतरी हवं, आणि ते ‘कुणीतरी’ म्हणजे दुसरी मुलगी. एकीनं शाळा सोडली की दुसरीची आपोआप सुटायची. मुलींची शाळा जोडीनं सुटते हे कुठल्या अहवालात फारसं लिहिलेलं नसतं, पण आमच्या आळीत तरी त्याला अपवाद नव्हता.

शेजारीच, हाकेच्या अंतरावर म्हणावं असं, हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम सदाशिव पेठेतून तिथं आणला. स्त्रीशिक्षणाचं एवढं मोठं काम आमच्या शिवेला लागून चाललेलं, आणि आमच्या आजीला त्याची माहिती ‘कर्व्यांच्या बायकांची शाळा’ एवढीच. तिकडं दूध जायचं. मुली जात नव्हत्या. अण्णासाहेबांना भारतरत्न मिळालं १९५८ साली. त्या वर्षी आमची आत्या पंधरा वर्षांची होती आणि तिच्या कडेवर मूल होतं. शाळा जवळ असली की मुली शिकतात असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते.

नाना फायनल पास, म्हणजे सातवी, त्यामुळे घरातले विद्वान. ‘सकाळ’ ते पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचायचे आणि ओसरीवर आम्हाला इतिहास सांगायचे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा म्हटलं होतं. गोखल्यांनी १९११ साली बिल आणलं, सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरतं, आणि ते पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शेताला मजूर मिळणार नाहीत ही जमीनदारांची भीती त्यामागं होती. “जमीनदार कशाला, आपला थोरलाच घ्या,” असं नाना थोरल्या काकांकडं बघून म्हणायचे. सयाजीरावांनी बडोद्यात १९०६ सालीच सक्ती केली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली केली आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. या रुपयावर नानांचा फार जीव. त्यांच्या मते सगळं मर्म त्या रुपयात होतं. “तिकडं दंड व्हता. आपल्याकडं नुसता कायदा.”

आणि खरंच, नुसता कायदा होता. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम १९४७ चा. घटनेच्या ४५ व्या कलमानं दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचं ठरवलेलं, म्हणजे १९६० पर्यंत. आमच्या दारात सक्ती करायला कधीच कुणी आलं नाही. यायचे ते गुरुजी. पट कमी झाला की धोतराचा सोगा सावरत यायचे, ताक प्यायचे, “पोरगं हुशार आहे हो” म्हणायचे. काकू म्हणायची, “हुशार हाय म्हनूनच तर रतिबाचा हिशेब त्याच्याकडं दिलाय.” यावर गुरुजींकडं उत्तर नसायचं.

आता मूळ मुद्द्याकडं येते. शाळेतलं एक वर्ष वाढवलं किंवा कमी केलं तर पोरांच्या आयुष्यात काय फरक पडतो, याचा एक प्रयोग आमच्या घरात आपसूक झाला. १९७५ साली.

जुनी मॅट्रिक अकरावीची. १९७२ ला आठवीपासून नवा आकृतिबंध आला, दहावी अधिक दोन अधिक तीन. त्यामुळे १९७५ च्या मार्चमध्ये जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी, दोन्ही एकाच वर्षी बोर्डाला बसल्या. आमच्या घरात थोरल्या काकांचा दादा अकरावीला आणि दुसऱ्या काकांची, म्हणजे तात्यांची, माई दहावीला. एका कंदिलाला दोघं. नव्या गणिताचं पुस्तक दादाला कळेना, जुनं माईच्या कामाचं नव्हतं, त्यामुळे एकमेकांना शिकवायचा प्रश्नच नव्हता. नुसते भांडायचे.

घरातल्या म्हाताऱ्यांना आकृतिबंध वगैरे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच समजलं, की पोरीची शाळा एक वर्ष आधी संपतीय. माईची मॅट्रिक १९७६ ला होणार असं धरून बोलणी लांबणीवर टाकलेलं एक स्थळ होतं, भोरकडचं. दहावीचा निकाल लागायच्या आतच ते पुन्हा आलं. तेव्हा मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय पंधरा. माई सोळाची. लग्न मे महिन्यातच झालं. ती पास झाल्याचं सासरी कळवायला तात्या स्वतः गेले, पेढे घेऊन. सासूनं पेढे घेतले आणि विचारलं म्हणे, “कशाचे?”

माई आज पासष्ट ओलांडलेली. ती म्हणते, एका वर्षानं काय फरक पडला असता? झालं असतं लग्न पुढल्या उन्हाळ्यात. आम्ही बाकीच्या म्हणतो, फार पडला असता, तुला शिवणाच्या क्लासला घालायचं ठरलेलं होतं. यावर आमच्यात एकमत नाही आणि होणारही नाही. पण सरकारनं शाळेतून एक वर्ष काढलं तेव्हा आमच्या घरातलं एक लग्न एक वर्ष अलीकडं आलं, एवढं पंचांगात लिहून ठेवलेलं आहे.

याचं उलटं घडलं ते आक्काच्या वेळी. १९७८ ला मुलीच्या लग्नाचं वय अठरा झालं. आक्का दहावी झाली १९७९ ला, सोळाव्या वर्षी. आता दोन वर्षं करायचं काय? कायद्याला आमच्याकडं कुणी फार भीत होतं असं नाही, पण नाना पेपर वाचणारे. मुलाकडच्यांनाही वयाचा दाखला दाखवावा लागेल, उगाच भानगड नको, असं त्यांनी घरात मांडलं. रिकामी घरात बसवायची तर बसू दे कॉलेजात. अकरावी-बारावी ही आमच्या घरात अशी शिरली. विद्येच्या ओढीनं नव्हे, मधली दोन वर्षं भरून काढायला.

आणि मग त्या दोन वर्षांनी आपले पाय पसरले. बघायला येणाऱ्यांना आजी सांगायची, “अजून शिकतीय.” हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा तेव्हा ऐकू आलं. आधी ते सबब म्हणून होतं. नको असलेलं स्थळ परतवायला यापेक्षा सभ्य वाक्य नव्हतं. मुलगा पसंत नाही म्हणता येत नाही, हुंडा परवडत नाही म्हणायची लाज वाटते. शिकतीय म्हटलं की पाव्हणे पोहे खाऊन गुमान जायचे. सबब फार सोयीची निघाली म्हणून ती आजीनं माझ्या वेळी वापरली, धाकटीच्या वेळी वापरली. माझ्या वेळी ती बारावीनंतर डी.एड.पर्यंत ताणली गेली आणि मी नोकरीला लागले. धाकटीच्या वेळेपर्यंत, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली होती, त्यामुळे तात्यांचा शेवटचा मुद्दाही गळाला. धाकटी बी.कॉम. झाली. शाळेची वेस जसजशी पुढं सरकली तसतशी लग्नाची वेसही पुढं गेली. आम्ही कुणी बंड केलं नाही. आम्ही नुसत्या वर्गात बसून राहिलो.

ही गोष्ट मी परवा आमच्या भाचीला सांगितली. ती अर्थशास्त्राची आहे, गोखले इन्स्टिट्यूटची, आणि तिला सगळ्याचे पुरावे लागतात. तिनं सांगितलं ते मला फार आवडलं. तुर्कस्ताननं १९९७ साली सक्तीचं शिक्षण पाच वर्षांवरून आठ वर्षांवर नेलं. अभ्यासकांनी नंतर तपासलं तर मुलींची लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं मागं ढकलली गेली होती. उलट जर्मनीत महायुद्धानंतर सक्ती आठवीवरून नववीपर्यंत वाढवली, तिथं पगारात फरक शोधला तर जवळपास शून्य. तिथली मुलं शाळेनंतर कारखान्यात उमेदवारी करून हुन्नर शिकतातच, आणि लिहिण्या-वाचण्याचा पाया आधीच झालेला असतो, मग नुसतं एक वर्ष जास्त बसवून काय मिळणार? ब्रिटननं १९७२ ला शाळा सोडायचं वय पंधराचं सोळा केलं, त्यावर तिथले पंडित अजून भांडताहेत, फायदा किती झाला म्हणून. भाची म्हणाली, “मावशी, सरासरी काढली की तुमची आक्का आणि तुमचा बापू एकाच आकड्यात जातात.”

बापूचं सांगायचं राहिलंच. बापू माझ्या मागचा, माझाच सख्खा भाऊ. शाळा कुठली ते सांगत नाही, पण तेव्हा काही शाळांची एक रीत होती आणि ती पुढेही बरीच वर्षं चालली. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा तर कच्ची पोरं नववीतच गाळायची. बापूला दोनदा गाळला. इंग्रजीत आणि बीजगणितात. तिसऱ्यांदा त्यानं दप्तर नेलंच नाही. सायकल घेऊन कर्वे रस्त्यावरच्या एका गॅरेजात जाऊन उभा राहिला. त्याला विचारलं, कायद्यानं तुला अठरापर्यंत शाळेत बसवलं असतं तर? तो म्हणतो, “अजून दोनदा गाळला असता की.” गॅरेजात तो इंजिन उघडायला शिकला, मोजमाप शिकला, बेरिंगांचे नंबर वाचता वाचता इंग्रजी आकडेही शिकला. हे सगळं शाळेत शिकवता आलं असतं. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथं हेच चालतं. वेल्डिंग, सुतारी, शेती, वीज, हातानं करत विज्ञान शिकायचं. पुढं आठवी ते दहावीच्या काही शाळांत त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आला. आश्रम निघाला त्याच साली बापू नववीत दुसऱ्यांदा नापास होत होता. पाबळ वारज्यापासून काही फार लांब नाही, आणि तरी आमच्यापर्यंत त्याचा वाराही आला नव्हता. नोकरीत माझ्या हातून अशी पोरं पुष्कळ गेली. वर्गात शेवटच्या बाकावर आणि मधल्या सुट्टीत हेडमास्तरांची स्कूटर दुरुस्त करणारी. त्यांना चार वर्षं जास्त कोंडून ठेवा असं मी म्हणणार नाही. त्यांना काय द्यायचं ते आधी ठरवा, मग दार लावा.

दादाचं मत याहून वेगळं आहे. दादा मॅट्रिक, मग औंधचं आयटीआय, मग कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये अप्रेंटिस आणि तिथंच कायम. त्याच्या मते कागदाला पर्याय नाही. “बापूचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पण गेटवर हात कोण बघतो?” भाऊच्या बाबतीत तर हे फारच खरं ठरलं. म्हशीपायी सहावीत शाळा सोडलेल्या भाऊनं चाळिशीकडं झुकताना टेम्पो घेतला. लायसन्स काढायला गेला तर मालवाहतुकीच्या गाडीला आठवी पास हवं. गाडी तो विशीपासून चालवत होता. ट्रॅक्टर, जीप, सगळं. नियम म्हणजे नियम. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ती अट काढून टाकली, तोवर भाऊनं एक ड्रायव्हर ठेवला होता, आठवी पास. मालक सहावी, ड्रायव्हर आठवी. चढावर ड्रायव्हरची गाडी बंद पडायची, मग मालक खाली उतरून क्लच कसा सोडायचा ते शिकवायचा.

मधल्या काळात वारज्याला हायवे आला. कात्रज-देहूरोड बायपासनं गाव दुभंगलं, १९९७ ला महापालिका आली, आणि ज्या वाफ्यात मेथी निघत होती त्याचे गुंठ्याला लाखांत भाव बोलले जाऊ लागले. यानं शिक्षणाचं जे नुकसान केलं त्याबद्दल कुणी बोलत नाही. दादा तीस वर्षं तीन पाळ्यांत राबून जे मिळवून निवृत्त झाला, ते एका व्यवहारात बापूच्या हाती आलं. पुढच्या पोरांनी काय शिकायचं मग? गावात गुंठामंत्री हिंडायला लागले, गळ्यात साखळ्या, पांढऱ्या गाड्या, आणि दहावीच्या वर्गातली पोरं त्यांच्याकडं बघत बसली. शिकून काय मिळतं, या प्रश्नाला जमिनीनं खोटं उत्तर दिलं. खोटं अशासाठी की जमीन एकदाच विकता येते. ते पैसे ज्यांनी बुलेटवर, बंगल्यावर आणि लग्नावर उडवले त्यांची पोरं आज त्याच जमिनीवरच्या सोसायट्यांच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत. आमच्या घरात तसं झालं नाही, बापू चोख निघाला. पण आमच्या आळीत झालं.

जमीन विकायच्या वेळचीच एक गोष्ट मला शिक्षणाच्या फायद्याबद्दल विचारलं की आठवते. २००५ ला वडिलार्जित मिळकतीत लग्न झालेल्या मुलींनाही मुलांइतका हक्क मिळाला. त्यामुळे विकायचं म्हटलं की आधी बहिणींच्या सह्या हव्यात, हक्कसोडपत्रावर. आमच्याकडं रीत अशी की भाऊबीजेला बोलवायचं, साडी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्ट्रारकडं न्यायचं. आत्यानं सही केली, म्हणजे दुसरीत शिकलेलं नाव एकेक अक्षर लावून काढलं, आणि कागद कशाचा हेही विचारलं नाही. माईनं केली. तिनं विचारलं, पण उत्तर ऐकून घेतलं नाही, भावाला काय विचारायचं म्हणून. आक्काची पाळी आली तेव्हा ती बाकावर बसली, पर्समधून चष्मा काढला आणि म्हणाली, “वाचून बघते.”

एजंट घड्याळाकडं बघायला लागला. तात्या म्हणाले, “अगं वाचायचं काय त्यात, नेहमीचाच मसुदा हाय.” आक्का वाचत राहिली. चार पानं. तिसऱ्या पानावर थांबली. जो तुकडा विकायचा ठरला होता त्याच्या शेजारचा, कॅनॉलकडचा गट नंबरही त्यात होता. नजरचुकीनं, असं एजंट म्हणाला. तो नंबर कटला, नवीन कागद टंकून आला, आणि मग आक्कानं सही केली. त्याच तुकड्यात पुढं आम्हा बहिणींचा वाटा निघाला. आक्काला बारावीनं कधी नोकरी दिली नाही, पगार दिला नाही, ती कुठल्याच आकडेवारीत शिक्षणाचा लाभार्थी म्हणून दिसणार नाही. पण सरकारी मराठीत लिहिलेली चार पानं लोक ताटकळत उभे असताना, चुलते डोक्यावर उभे असताना, न घाबरता शेवटपर्यंत वाचायची, हे दुसरीत येत नाही. सातवीत येतं का? नानांना यायचं. माईला, दहावी असून, आलं नाही. म्हणून मी याचा सिद्धांत करत नाही. पण दोन वर्षं जास्त कॉलेजात बसलेल्या बाईला, आपल्यासाठी लोकांनी थांबायला हरकत नाही असं वाटायला लागतं, हे मी माझ्या घरात पाहिलेलं आहे.

आज कायदा पुन्हा चौदावरच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा, पहिली ते आठवी. २०२० च्या धोरणात तीन ते अठराची भाषा आहे. कायद्यात ती उतरलेली नाही. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं होतं, त्यामुळे न वाचता येणारी पोरं आमच्याकडून पुढं गेली आणि नववीच्या दारात आपटली. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आली. ठीक आहे. पण खरा खड्डा नववीच्या उंबऱ्यावर आहे. कायद्याचा हात तिथं सुटतो, आणि वय असं की मुलगा कामाला लावण्याजोगा दिसतो आणि मुलगी लग्नाजोगी. चौदाच्या पुढच्या पोराला घातक नसलेल्या कामावर ठेवायला कायद्याची ना नाही. शाळेबाहेरून दहावी द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म आहे, पण तो भरायला आधी कुणीतरी सांगावं लागतं की असा फॉर्म असतो.

म्हणून मला विचाराल तर वय वाढवावं. अठरापर्यंत न्यावं. मुलींसाठी आजच, डोळे झाकून. मुलांसाठी वर्कशॉप बांधून झाल्यावर. नानांचा रुपया मात्र नको. दंड बसला तर तो आज गावाकडच्या जमीनदाराला बसणार नाही, आमच्या मागच्या साइटवरच्या गवंड्याला बसेल.

आमच्या सोसायटीचा वॉचमन मराठवाड्यातला आहे, परभणीकडचा. खाली जिन्याजवळच्या खोलीत कुटुंब राहतं. त्याची थोरली महापालिकेच्या शाळेतून आठवी झाली. गेल्या जूनमध्ये तो दाखला घेऊन माझ्याकडं आला. दाखला मिळाला म्हणजे शाळा संपली ना, आता पुढं काही बंधन नाही ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. बायको चार घरची धुणी-भांडी करते, धाकटा तीन वर्षांचा, त्याला सांभाळायला पोरगी हवी. शिवाय गावाकडून मेव्हणा सारखा फोन करतोय, मुलगा बघून ठेवलाय म्हणून. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिचा चेहरा वाचायला मला काही डी.एड. लागत नव्हतं.

मी चष्मा लावला, दाखला उलटसुलट बघितला आणि त्याला सांगितलं, “नाही हो, आता नियम बदललाय. बारावीपर्यंत नाव काढता येत नाही. मध्येच काढलं तर चौकशी येते.”

“कुणाची?”

“शिक्षण खात्याची.”

तो जरा वेळ उभा राहिला. मला वाटलं, चिडेल. त्यानं तिथंच, माझ्या दारात, खिशातून फोन काढला आणि मेव्हण्याला लावला. “आवो दाजी, इथं शाळेचा नियम लई कडक हाय,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला दुःख काही ऐकू आलं नाही. “बारावीपत्तुर काढताच येत न्हाई म्हनत्यात मॅडम. म्या काय करू? तुमीच सांगा पाव्हन्यास्नी.”